एकशेबारा अंश

डबाबंद वाटाण्याच्या कारखान्यातला मोठा कुकर थोरल्याने सव्वीस वर्षं सांभाळला. पुरुषभर उंचीचं लोखंडी भांडं, आत डब्यांच्या चळती, खालून वाफ. कामगार त्याला इंजिन म्हणत. त्याचा धाकटा भाऊ शिकून त्याच कारखान्यात मॅनेजर होऊन आला, तेव्हा थोरल्याने कौतुकाने त्याला आधी कुकरपाशी नेलं.

"उघड्यावर पाणी शंभराला उकळतं. कोंडलं की वाफेचा दाब चढतो आणि तेच पाणी एकशेवीसपर्यंत तापतं. डब्यातले जंतू मरायला तेवढं लागतंच. पण दाब वाफेचा हवा. आत हवा अडकली तर दाबाचा काटा पूर्ण चढतो, ताप मात्र मागे राहतो. काट्याला हवा काय आणि वाफ काय, सारखीच."

म्हणून वरची तोटी, म्हणजे कॉक, सुरुवातीला सात मिनिटं उघडा ठेवायचा. वाफ हवेला बाहेर हाकलते, मग बंद करायचा.

"हे पुस्तकात होतं, दादा," धाकटा हसला.

हंगामात फाटकाबाहेर वाटाण्याच्या गाड्यांची रांग लागली. धाकटा घाईघाईने आला.

"कॉक दोन मिनिटांत बंद करत जा. दिवसाला चार घाणे जास्त निघतील."

"आणि हवा?"

धाकट्याने समोर उभं राहून एक घाणा तसा चढवायला लावला. "दाब येतोय ना पूर्ण?"

"दाब येतोय. थर्मामीटर बघ, एकशेबारावर अडकलाय."

"तो जुना झालाय. नोंदवहीत एकशेवीस लिही."

थोरल्याने दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी धाकटा वहिनीशी बोलला. दादा सगळ्यांसमोर माझं नाक कापतो, म्हणाला. संध्याकाळी बायको थोरल्याला म्हणाली, "एका घरात राहायचंय आपल्याला. तो साहेब आहे. तो सांगेल तसं करा की!"

त्याने केलं. एकवीस दिवस आपल्या वळणदार अक्षरात एकशेवीस लिहिलं. लिहिताना थर्मामीटरकडे पाहायचं टाळू लागला.

हंगाम संपला तेव्हा प्रत्येक कामगाराला दोन डबे मिळाले. पॅकिंगमधल्या मावशींनी, ज्या रोज थट्टेने थोरल्याचा चष्मा लपवून त्याला साऱ्या खात्यात हिंडवायच्या, त्यांनीही नेले. महिन्याभराने त्यांनी डबा उघडून वाटाणे खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्यांना एकाचे दोन दिसू लागले, मग घास गिळवेना. चौथ्या दिवशी श्वास थांबला. गोदामातले डबे तोवर फुगून टम्म झाले होते.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने वही पुढे सरकवली.

"अक्षर तुमचं?"

"माझं. पण आकडा खोटा आहे. कॉक लवकर बंद करायला मॅनेजरनी सांगितलं होतं."

अधिकाऱ्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा शांतपणे म्हणाला, "मी असं काही सांगितलं नाही. दाबाचा काटा तर बरोबर होता, साहेब. दाब बरोबर असला की ताप बरोबरच असणार. डबे कुकरमध्ये पूर्ण वेळ ठेवले नसतील यांनी."

भाऊ खोटं बोलला ते थोरल्याने एक वेळ सोसलं असतं. पण तो चुकीचं बोलला होता, आणि ते चुकीचं आहे हे त्या खोलीत त्या दोघांनाच ठाऊक होतं.

थोरल्याला काढून टाकलं. कुकरवर नवा माणूस आला आणि भिंतीवर पाटी लागली: कॉक सात मिनिटं उघडा ठेवावा. खाली धाकट्याची सही.

एका रविवारी थोरला मावशींच्या नवऱ्याकडे गेला. तो दारातच उभा राहिला.

"वहीत मी एकशेवीस लिहिलं," थोरला म्हणाला. "होता एकशेबारा. मला दिसत होतं."

"साहेबांनी सांगितलं म्हणून?"

"हो."

"मग इथे कशाला आलात? त्यांनी सांगितलं का?"

नवऱ्याने दार लावलं. जोरात नाही, रोज लावतात तसंच.

घर अजून एकच आहे. वर धाकटा, खाली थोरला. जिन्यात गाठ पडली की धाकटा बाजूला होतो आणि आदराने म्हणतो, "ये दादा, आधी तू." थोरला पुढे जातो. बायको विचारते, बोललात का काही? तो म्हणतो, काय बोलायचं.