गिरणीचा भोंगा आणि भिकुबाईचे गुडघे

मित्रांनो, मी सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू देऊही नका. आजवर ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांचं काही भलं झालेलं नाही.

मी एक जुना भोंगा आहे. धुळ्यातल्या एका तेलगिरणीच्या धुराड्याशेजारी माझी जागा होती. देवळाच्या दोन घंटा आणि एक तोफ वितळवून मला ओतलं. माझी पहिली हाक ऐकून शिरपूरकडची कापसाची बोंडं महिनाभर आधीच उमलली, आणि पिंपळनेरच्या म्हशी तर मी वाजल्याशिवाय पान्हाच सोडत नसत.

मी वाजलो की माणसं सायकली दामटत फाटकातून आत शिरत. घाण्या फिरू लागत. तेल गाळून उरलेल्या शेंगदाण्याच्या ढेपेचा खमंग वास मागच्या गल्लीभर पसरे. लोक म्हणत, घड्याळ चुकेल, भोंगा चुकणार नाही. मी फुगून जायचो.

त्या मागच्या गल्लीत प्रेमराज नाना आणि त्यांची बायको भिकुबाई राहत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर नानांना शेअरांचा नाद लागला. आमची गिरणी शेअर बाजारात होती, आणि तिचा शेअर चौदा रुपयांना मिळत होता. नानांनी हिशेब मांडला. गिरणीची जागा, गोदामं, यंत्रं, सगळं विकलं तरी एका शेअरच्या वाट्याला चाळीस रुपये येत होते.

"चाळीसचा माल चौदाला," ते भिकुबाईला म्हणाले. "बाजार आंधळा आहे. आज ना उद्या त्याला दिसेल."

त्यांची धाकटी बहीण कोकिळा जळगावला राहायची. तिची रीत उलटी. तिने दवाखान्यांची कामं संगणकावर आणणाऱ्या एका नव्या कंपनीचे शेअर घेतले. कंपनीकडे ना जागा, ना यंत्रं, आणि भाव आभाळाला टेकलेला. पण धंदा दरवर्षी दीडपट होत होता.

दिवाळीला ती आली, तेव्हा नाना म्हणाले, "कोके, तू केळीचं रोप घेतेस आणि पैसे अख्ख्या घडाचे देतेस."

"आणि भाऊ, तुझा घड स्वस्त का आहे, ते एकदा सोलून बघ," ती म्हणाली. "गिरणीच्या आत तरी गेलास का कधी?"

"आत कशाला जायचं? भोंगा रोज ऐकतो ना मी."

हे ऐकून, मित्रांनो, मी दुसऱ्या दिवशी इतका जोरात वाजलो की पार जळगावकडच्या असोद्याची केळी पिकली.

पुढे शेअर नऊवर आला. नाना खूश. आणखी स्वस्त म्हणून त्यांनी आणखी घेतले. मग तो सहावर आला. आता घरात फक्त भिकुबाईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचे पैसे उरले होते. नानांनी तेही लावले.

"अहो, मला संडासापर्यंत जाववत नाही," ती म्हणाली.

"वर्षभर थांब. गुडघे कुठे पळून जातात का?"

कोकिळाची कंपनीही एका वर्षी अडखळली. धंदा थोडाच मंदावला, पण भाव निम्म्याने कोसळला आणि बाई आठवडाभर जेवली नाही. तरी घातले त्यापेक्षा तिचे जास्तच उरले. तिने वहिनीच्या ऑपरेशनचा खर्च देऊ केला. नाना म्हणाले, "बहिणीच्या पैशाने बायकोचे गुडघे? मी अजून मेलो नाही."

त्याच सुमारास मॅनेजर साहेबांनी मला हवेचा पंप जोडला. बॉयलरची वाफ आता लागत नव्हती. बटण दाबलं की मी वाजे. नाना गल्लीत सांगत सुटले, गिरणी सुधारतेय.

मग एका सकाळी फाटकाला सील लागलं. जागा गिरणीची नव्हतीच, भाडेपट्ट्याची होती आणि तो पट्टा संपलेला. यंत्रं भंगारात गेली. जे आलं ते बँकेने नेलं. शेअरवाल्यांच्या हाती काही आलं नाही.

भंगारवाल्याकडून नानांनी मला मात्र वजनावर विकत घेतलं. आता मी त्यांच्या अंगणात खाटेशेजारी रोवलेला आहे. भिकुबाई उठताना माझ्यावर हात टेकते. गुडघ्यांच्या पैशांतून तिला मिळालं ते एवढंच. नाना माझ्याकडे पाहत नाहीत, आणि गल्लीतली तुम्ही पोरं माझ्या तोंडात खडे टाकता.

म्हणून सांगतो, मित्रांनो. स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका, वाढतंय म्हणून वाटेल तो भाव देऊ नका. आणि जुन्या वस्तूंना जपा, कारण आम्ही इमानदार असतो. माझंच बघा. सील लागलं त्या सकाळीही मी वाजलो, माणसं धावत आली, घाण्या फिरत होत्या, शेंगदाणे धबधब्यासारखे पडत होते आणि...

"गप रे," खाटेवरून भिकुबाई म्हणाली. "पोरांना तरी खरं सांग. कोणते शेंगदाणे? दोन वरीस गल्लीत ढेपेचा वास आला नाही. मी यांना सांगितलं, तर हे तुझा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, गिरणी चालू शे, वारं उलटं शे. दोन वरीस वारं उलटं राहतं का रे?"