डोळ्यांतला कवडसा

स्टुडिओ उघडला की पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत बायकोने स्टुलावर बसायचं, हा त्या दोघांचा सतरा वर्षांचा शिरस्ता होता. दिवे लावायचे, तिच्या चेहऱ्यावर उजेड नीट बसला का ते पाहायचं, चाचणीचा एक फोटो काढायचा आणि मग दार सताड उघडायचं. फोटोग्राफरला गल्लीतले लोक पाठीमागे 'हनुवटी' म्हणत, कारण "हनुवटी जरा खाली" असं म्हटल्याशिवाय त्याने आजवर कुणाचा फोटो काढला नव्हता. बायको तर तो बोलायच्या आधीच हनुवटी खाली घ्यायची आणि म्हणायची, "घ्या. फुकटचा पुतळा हजर आहे."

उजेडाच्या बाबतीत तो भलताच काटेकोर होता. डावीकडे उंचावर मोठा दिवा, त्याच्या तोंडाशी पांढऱ्या कापडाची चौकोनी पेटी, म्हणजे उजेड गाळून मऊ येतो. उजवीकडे पांढरा फळा, गालावरची सावली फार काळी पडू नये म्हणून. मागे एक छोटा दिवा, केस पडद्यात बुडू नयेत म्हणून. एवढं कुणालाही महिन्याभरात शिकता येतं. त्याचं खरं लक्ष असायचं डोळ्यांकडे. मोठ्या दिव्याचं इवलंसं पांढरं प्रतिबिंब बुबुळावर वरच्या बाजूला पडतं. धंद्यातले लोक त्याला कॅचलाइट म्हणतात, तो कवडसा म्हणायचा. कवडसा पडला तर फोटोतला माणूस बघतो, नाही पडला तर नुसते डोळे असतात, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. त्याच्या पेटीचा एक कोपरा उसवला होता, तिथे त्याने काळी पट्टी चिकटवली होती. त्यामुळे त्याच्या फोटोंत कवडशाचा एक कोपरा तुटलेला दिसायचा आणि ही आपली सही आहे असं म्हणून तो मिरवायचाही.

एका सकाळी एक म्हातारी जिना चढून आली. हातात मुलाचं ऑफिसचं ओळखपत्र होतं. मुलगा तीन महिन्यांपूर्वी अचानक गेला होता आणि त्या ओळखपत्रावरच्या फोटोतून तिला भिंतीवर लावायला मोठा फोटो करून हवा होता.

"दुसरा एखादा नाही का, आजी? हा फारच लहान आहे."

"कुठला असणार? घरात सगळ्यांचे फोटो तोच काढायचा."

हे ऐकून फोटोग्राफरला गलबलून आलं. त्याचेही घरात दोनच फोटो होते.

ओळखपत्रावरचा फोटो कुणीतरी ट्यूबलाइटखाली उभं करून उरकला होता. भुवयांची सावली डोळ्यांवर पडली होती आणि डोळ्यांत कवडशाचा पत्ता नव्हता. फोटोग्राफरने फोटो मोठा केला, कातडीवरचे डाग काढले, मागे राखाडी पडदा घातला. म्हातारी चार दिवसांनी आली, फोटो हातात धरून बराच वेळ बसली. "नाक त्याचं, कपाळ त्याचं, सगळं त्याचंच आहे," ती म्हणाली. "पण तो माझ्याकडे बघत नाही हो."

मग त्याने डोळ्यांत पांढरे ठिपके रंगवून दिले. म्हातारी पुन्हा आली. "आता कुणाकडे तरी बघतोय. माझ्याकडे नाही."

आपल्या कामात कुणी खोट काढली की त्याला घास गोड लागत नसे. दुसरा असता तर 'एवढंच जमतं' म्हणून मोकळा झाला असता. हा इरेला पेटला. रंगवलेला कवडसा तो रंगवलेलाच, खरा हवा, असं म्हणून त्याने त्याच सकाळचा चाचणीचा फोटो संगणकावर उघडला. बायको त्यात पुतळा झाल्याचं सोंग करून बसली होती आणि डोळ्यांत हसत होती. एरवी तो असं काही उचलायचं झालं तर कॉपी करायचा. त्या दिवशी त्याने सरळ कट केलं. चाचणीचे फोटो वर्षाअखेरीस एकगठ्ठा पुसून टाकायचेच असतात, कशाला जपायचे, हा त्याचा हिशेब. तिच्या दोन्ही डोळ्यांतले कवडसे त्याने उचलले, मुलाच्या डोळ्यांत बसवले आणि दोन्ही फोटो सेव्ह करून टाकले.

म्हातारीने नवा फोटो पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. "बघतोय," एवढंच म्हणाली. फोटो छातीशी धरून ती एकेक पायरी उतरत गेली आणि फोटोग्राफर दिवसभर शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको स्टुलावर बसली. त्याने फोटो काढला, पाहिला आणि दिवा थोडा खाली घेतला. पुन्हा काढला. दिवा पुढे आणला, फळा सरकवला, पेटीचं कापड काढून झटकलं. बायकोच्या चेहऱ्यावर उजेड अगदी हवा तसा होता, पण डोळे काळे. कवडसा नव्हता.

"काय झालं? पुतळा बिघडला का?"

"दिवाच बिघडलाय बहुतेक," तो म्हणाला.

दिवा बिघडलेला नव्हता. त्यानंतर दिवसभरात सात गिऱ्हाइकं झाली आणि सातही जणांच्या डोळ्यांत तुटक्या कोपऱ्याचा कवडसा नेहमीसारखा होता.

बायकोने त्या आठवड्यात दोनदा चहा कपाच्या शेजारी ओतला. मग तिने काउंटरवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नक्कल करणं सोडलं. मग बोलणंच कमी केलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नजर ठणठणीत आहे, विश्रांती घ्या. घरी येताना तो तिचा हात धरून चालत होता, कारण ती पायरी आली की थबकायची.

"दिसत नाही का तुला?"

"दिसतं की सगळं. पण भिंतीवरचं चित्र दिसावं तसं. माझ्यापर्यंत काही येत नाही." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "तुमचाही चेहरा येत नाही हो."

सतरा वर्षं ही बाई आपल्याकडे बघत होती म्हणून आपण कुणीतरी होतो, हे त्याला भर रस्त्यात कळलं आणि तो भयंकर घाबरला.

तिसऱ्या आठवड्यात ती सकाळी बसवलं तिथे दुपारपर्यंत बसून राहायला लागली. स्टुलावर बसवलं तर स्टुलावर. आता हनुवटी खाली घ्यायला सांगावं लागत होतं. शेवटी एका दुपारी त्याने स्टुडिओचं दार आतून लावलं आणि त्या वर्षाचे चाचणीचे सगळे फोटो ओळीने पडद्यावर मांडले. एकच बाई, एकच स्टूल. कुठे जांभई आवरतेय, कुठे डोळा मारतेय. प्रत्येक फोटोत कवडसा होता. मग म्हातारीचं काम केलं तो दिवस आला. त्या फोटोत बुबुळांवर दोन बारीक भोकं होती, कट केल्यावर राहतात तशी. पुढच्या दिवसापासून काहीच नव्हतं.

असलं कुणाला सांगावं, तर लोक आधी त्यालाच डॉक्टरकडे नेतील. त्याने घाईघाईने म्हातारीच्या मुलाचा फोटो उघडला. तिथून कट करू, जागच्या जागी ठेवू, संपलं. पण संगणकावरच्या त्या फोटोत मुलाचे डोळे पहिल्यासारखे विझलेले होते. कवडसा छापलेल्या कागदाबरोबर निघून गेला होता.

पावतीवर म्हातारीचा पत्ता होता. मागच्या बाजूची गल्ली, दुसरा मजला. तिने दार उघडलं आणि त्याला ओळखून आत घेतलं. खुर्चीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर फोटो होता. त्या परक्या माणसाच्या चेहऱ्यातून त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. चष्मा कपाळावर चढवून तो घरभर चष्मा शोधत फिरायचा तेव्हा ती बघायची, अगदी तशीच.

त्याने जमेल तसं सगळं सांगितलं. सांगताना त्यालाच ते वेडगळ वाटत होतं.

"म्हणजे ही तुमच्या बायकोची नजर," ती शेवटी म्हणाली. "वाटलंच मला. जिवंतपणी त्याला कुठे इतकी सवड होती? आला की निघाला." तिने डोळे पुसले. "वीस दिवस झाले, मी ह्याच्यासमोर जेवते. किती वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे बघत होतं."

"आजी, माझी बायको..."

"न्या. नेऊ नका असं कुठे म्हणतेय? पण त्याला तसाच आंधळा परत आणू नका. माझी नजर घाला त्यात."

"तुम्हाला मग काही उरणार नाही. नको."

हे नको अगदी तोंडदेखलं होतं. ते म्हणताना कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन उघडून झाली होती. स्वतःची त्याला अतोनात लाज वाटली, पण हात थांबला नाही. त्याने म्हातारीची खुर्ची खिडकीशी ओढली आणि सवयीने म्हणाला, "हनुवटी जरा खाली."

"ह्या वयात आणखी किती खाली घेऊ?" म्हातारी हसली. त्या हसण्यात तिच्या डोळ्यांत आख्खी खिडकी उमटली, मधल्या दांडीसकट, आणि त्याने बटण दाबलं.

भिंतीवरचा फोटो उतरवून तो स्टुडिओत घेऊन आला आणि त्याचा फोटो काढून संगणकावर घेतला. डोळ्यांतले कवडसे कट केले. टेबलावरच्या कागदावर मुलाचे डोळे त्याच्या देखत विझले. ते कवडसे बसवून बायकोच्या फोटोतली दोन भोकं त्याने बुजवली. मग म्हातारीच्या डोळ्यांतली खिडकी कट केली, मुलाच्या डोळ्यांत बसवली, नवा फोटो छापला आणि संध्याकाळच्या आत म्हातारीकडे जाऊन त्याच खिळ्यावर लावला.

म्हातारी खुर्चीतच होती. "लावलात?" तिने विचारलं.

"हो."

"बघतोय?"

फोटोग्राफरने वर पाहिलं. मुलगा खुर्चीकडे टक लावून बघत होता. म्हातारीचा चेहरा मात्र फोटोपासून हातभर बाजूला, कोऱ्या भिंतीकडे वळलेला होता.

"बघतोय, आजी."

"मग झालं," ती म्हणाली. तिने त्याला जाताना दार नुसतं लोटून घ्यायला सांगितलं. शेजारीपाजारी कुणाला तरी सांगून जावं असं त्याच्या मनात आलं, पण सांगायचं काय, हे न सुचल्यामुळे तो जिना उतरून चालू लागला. त्याला घरी जायची घाई झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दिवे लावले. बायको येऊन स्टुलावर बसली आणि न सांगता तिने हनुवटी खाली घेतली. फोटो काढायची गरजच नव्हती, त्याला तिथूनच दिसलं. दोन्ही डोळ्यांत कवडसा होता, तुटक्या कोपऱ्याचा, जागच्या जागी.

"असे काय बघताय? पुतळा दुरुस्त झाला म्हणा की."

त्याने कॅमेरा ठेवला, तिचे दोन्ही हात धरले आणि लहान मुलासारखा रडला. तिने त्याचे केस सारखे केले, थोडा वेळ थोपटलं. मग ती उठून उभी राहिली.

"अहो, आज स्टुडिओ बंद ठेवा."

"का गं?"

"आई एकटी आहे."

तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्याची तर लग्नाआधीच गेली होती. "कुणाची आई?" त्याने विचारलं.

असा काय प्रश्न विचारता, अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं. "कालपासून खुर्चीतून उठलेली नाही. पोटात अन्नाचा कण नसेल."

त्या घराबद्दल त्याने तिला चकार शब्द सांगितला नव्हता. तो काही बोलायच्या आत ती जिना उतरून गेलीसुद्धा. ती पुढे आणि तो मागे. मागच्या बाजूच्या त्या गल्लीत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं, तरी कुठे वळायचं ते तिला एकदाही विचारावं लागलं नाही. तिच्या पावलांचा आवाजही त्याला ओळखीचा वाटेना. एरवी ती रमतगमत चालायची. आज ती ऑफिसातून उशीर झालेल्या माणसासारखी झपझप चालत होती. त्याने दोनदा हाक मारली, तिने मागे पाहिलं नाही.

दार लोटलेलंच होतं. बायको आत गेली.

"आलास का रे?" आतून म्हातारीचा आवाज आला.

"हो, आई."

तो धापा टाकत उंबऱ्याशी पोचला. बायको खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती आणि म्हातारीच्या ओठांना पाण्याचं भांडं लावत होती. म्हातारी विझलेल्या डोळ्यांनी समोर बघत, बोटांनी तिचं कपाळ, नाक, हनुवटी चाचपत होती आणि समाधानाने मान हलवत होती. भिंतीवरच्या फोटोकडे दोघींपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

"अगं, चल घरी," तो म्हणाला.

बायकोने मान वळवली. तिचे डोळे नितळ होते, कवडसा जागच्या जागी होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती. कोण असेल हा, याचा तिने थोडा विचार केला. मग उठून, अदबीने, त्याच्यापुढे एक खुर्ची सरकवली.

"तुम्ही फोटोवाले ना?" ती म्हणाली. "या, बसा. आईने सांगितलंय तुमच्याबद्दल."