चार मिलिमीटर

प्रोस्टेटच्या गाठीच्या ऑपरेशनला तीन महिने झाले, पण लेस्टर बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, क्लबाकडे फिरकला नव्हता. नोएलीन, म्हणजे त्याची बायको आणि खेळातली जोडीदारही, दर शनिवारी एकटीच जायची. गुडघा दुखतो, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. खरी अडचण पांढऱ्या पँटची होती. क्लबात ती सक्तीची, आणि गोळा टाकायला वाकलं की लेस्टरची लघवी गळायची. अंथरूण ओलं होईल या भीतीने, घोरण्याचं निमित्त काढून तो झोपायलाही दुसऱ्या खोलीत गेला होता. चाळीस वर्षं ती त्याच घोरण्याशेजारी झोपलेली. पण लाज आडवी आली की चांगला शहाणा माणूससुद्धा असलं बावळट खोटं बोलतो.

ब्रिस्बेनच्या विद्यापीठात, पुरुषांचं मूत्राशय खालून तोलून धरणाऱ्या स्नायूंचा सोनोग्राफीने अभ्यास चालला होता. डॉक्टरांनी त्याला तिकडे धाडलं. नोएलीन त्याला गाडीने घेऊन आली आणि बाहेर बाकावर बसली. आत येऊ का, असं तिने विचारलं होतं. तो नको म्हणाला.

तपासणारी टेगन त्याच्या मुलीपेक्षाही लहान. तिने मांड्यांच्या मधे यंत्राची मूठ टेकवली, तेव्हा लेस्टर छताकडे बघत राहिला. लघवी रोखणारे स्नायू आवळायचा व्यायाम करता का, असं तिने विचारलं. करतो की, दिवसातून शंभर वेळा, तो जरा ऐटीत म्हणाला. मग करून दाखवा, म्हणाली. त्याने श्वास कोंडला, पोट आत ओढलं, कुल्ले आवळले, आणि चेहरा लालबुंद होईस्तोवर जोर लावला.

टेगनने पडदा त्याच्याकडे वळवला. काळा फुगा म्हणजे मूत्राशय. जोर लावला की तो वर उचलला जायच्या ऐवजी खाली ढकलला जात होता.

"म्हणजे तीन महिने मी नळ सोडायचाच व्यायाम करतोय?"

"आणि अगदी मन लावून," टेगन म्हणाली. "तुम्ही काही पहिले नाही. आता असं करा. समुद्रात शिरताय, पाणी गारढोण आहे, आणि एक लाट मांड्यांच्या वर आली. काय होतं?"

"सगळं सामान वर पळतं."

"तेवढंच करा. हळू. पोट सैल सोडा, श्वास चालू ठेवा."

पडद्यावर लघवीच्या नळीचा मधला भाग अलगद मागे सरकला. टेगनने माप घेतलं, चार मिलिमीटर. लेस्टरने पुन्हा केलं, ती पुन्हा सरकली. गाठीबरोबर नळ आवळणारं हे सगळंही कापून गेलं असं तो धरून चालला होता, आणि ते तर आत जिवंत होतं. त्याचे डोळे भरून आले. ते पुसत तो म्हणाला की बायकोला आत बोलाव.

नोएलीन पर्स छातीशी धरून आली.

"गुडघा ठणठणीत आहे माझा," लेस्टर म्हणाला.

"माहीत आहे. गुडघा धरलेला माणूस शिडीवर चढून पन्हाळ साफ करत नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. पँटचं, पलंगाचं, पहाटे गुपचूप धुतलेल्या चादरींचं.

"मला वाटलं, मीच तुला नकोशी झाले," ती म्हणाली.

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने तिचा हात घट्ट धरला. टेगन यंत्राच्या बटणांत उगाचच गुंतली.

नोएलीनने चष्मा लावला आणि काय सरकतं ते दाखव म्हणाली. त्याने दाखवलं. ती पडद्याजवळ वाकून बघत राहिली.

"हे बरं होईपर्यंत मी तिकडेच झोपतो," तो म्हणाला.

"काही नको. खाली टॉवेल अंथरू. पोरं लहान होती तेव्हा नव्हतो अंथरत?"

लेस्टरने मान डोलावली. मग तिच्याकडे बघत त्याने ते चार मिलिमीटर पुन्हा एकदा सरकवले.