किशनरावांचा गिलावा

“थांबवा ते मशीन! कमान सडली न्हाई, घुसमटली हाय!”

किशनराव गवंडी जेसीबीच्या पुढ्यात उभे राहिले, तशी पेठेतली माणसं गोळा झाली. हिंगोलीतली ती जुनी धर्मशाळा. दगडी कमानींचा दर्शनी भाग तसाच ठेवायचा आणि मागं दुकानं बांधायची, असं विश्वस्तांनी ठरवलं होतं. पण इंजिनिअर दिपकनं भिंतीला ओलीनं फुटलेला पांढरा लोणा पाहिला आणि सगळंच पाडायचं ठरलं.

“काका, एवढी ओल आली कुठून मग?” दिपकनं विचारलं.

किशनरावांनी कमानीकडं पाहिलं. अठ्ठ्याहत्तर साली या कमानींवर सिमेंटचा गिलावा त्यांनीच केला होता. बाप बजावत होता, लेकरा, चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नको, तिला श्वास घेऊ दे. पण तरण्या पोराला अक्कल असते थोडीच! गिलावा असा गुळगुळीत झाला, की वसमत-कळमनुरीपर्यंत नाव झालं. पंचवीस वर्षं त्याच नावावर कामं मिळाली. आज ओलीचा दोष रस्त्याकडच्या गटारावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण मग दगडच सडला असं ठरून कमानी गेल्याच म्हणायच्या.

“माझ्यामुळं,” ते म्हणाले. “माझ्या सिमेंटानं ओल आत कोंडली. दगडाचा काई गुन्हा न्हाई.”

“काहून स्वतःच्या तोंडाला काळं फासून राहिले, किशनराव?” विश्वस्त रामप्रसादशेठ हळूच म्हणाले. “उद्या काम कोण देईल तुमाला?”

“ते मी बघतो शेठ. तुमी एक घंटा द्या फकस्त.”

छिन्नी-हातोडा घेऊन ते शिडीवर चढले. पहिला घाव त्यांनी हळूच घातला. शेवटी स्वतःच्या हातचं काम ते. गिलाव्याची खपली निघाली, ओली रेती गळाली आणि आतला काळा दगड दिसला. त्यांनी हातोडी मारली. खणखणीत आवाज आला.

दिपकनं वर चढून स्वतः चार ठिकाणी ठोकून पाहिलं. “बराबर आहे काका,” तो म्हणाला. “नुसते सांधे गेलेत. चुन्यानं भरता येतील?”

“न यायला काय झालं! बैलघाणीत दळलेला चुना लागंल अन् मी लागंल.”

शेठनं हात हलवला, जेसीबी मागं सरकला.

दुपारपर्यंत एक कमान मोकळी झाली. रस्त्यानं जाणारा कुणी पागोटेवाला थांबला. खालचा ढिगारा बघून म्हणाला, “काय हो मिस्त्री, कोण्या येड्यानं केलतं हे काम?”

“मी,” किशनराव म्हणाले, आणि शिडी उचलून दुसऱ्या कमानीला लावली.