तळाचं मीठ

दिवा गावच्या देवळापुढं अशी गर्दी उसळली होती, की मिठागरावर बगळ्यांखेरीज कोणी उरलं नव्हतं. मध्ये धुनी, धुनीमागं ज्वालागिरीबाबा. ज्याच्या घरात मळमळ, ओकारी, त्यानं घरचं मूठभर मीठ आणावं. बाबा ते जाळावर टाकणार. जाळ पिवळा, तर घर शुद्ध. हिरवा, तर घरात चेटकीण!

शेजारच्या धाकूचं मीठ पिवळं जळलं. गोदूबाईचंही पिवळं. आमचं पडलं आणि जाळ पोपटासारखा हिरवागार!

"परघरची पोर!" बाबा ओरडला. "आजच्या आज माहेरी घालवा, परत आणू नका. तिची नथ धुनीला, बोकड देवीला, प्रसाद सेवेकऱ्यांना!"

सेवेकरी तो एकटाच होता.

परघरची पोर म्हणजे माझी सून सगुणा. तिचा नवरा, माझा राघो, नुसता हात जोडून उभा. आणि मी? खोटं कशाला बोलू, मीच गाडीला बैल जुंपायला सांगितले.

तेवढ्यात माझा भाचा परशुराम आला, कल्याणच्या विहिरींचं पाणी तपासून, बगलेत कुप्यांची पेटी मारून. पंधरा वर्षं तो मुंबईच्या रसायनशाळेत आहे. पाण्यात, औषधात राईहून कमी धातू असला तरी मोजून काढतो, वर मासिकात लेख लिहितो. मी म्हणायची, "जे दिसत नाही ते मोजायला पगार देतं, ते गोरं सरकार तरी शहाणं कसं?"

"आत्या, मीठ कशात ठेवतेस?" त्यानं विचारलं.

"माझ्या माहेरच्या तांब्याच्या डब्यात! मडक्यात ठेवायला मी काय गोदूबाई आहे?"

"बाबानं डबा पाहिलाय?"

"सोमवारी आमच्याकडं जेवला की. डब्याचं कौतुक केलं. म्हणाला, मीठ आणाल तर तळाचं आणा."

"मला नाही हो तळाचं सांगितलं," गोदूबाई म्हणाली.

परशुरामानं घरून डबा मागवून उपडा केला. तळाची कल्हई उडालेली, तिथं हिरवट थर. ते मीठ पाण्यात विरघळवून त्यानं कुपीतला नाकाला झोंबणारा नवसागराचा अर्क ओतला. पाणी निळं झालं.

"तांबं आहे. मिठानं डबा खाल्ला, तुम्ही मीठ खाल्लंत. मळमळ त्याची, आणि हिरवा जाळही त्याचाच."

"पाणी मंतरलंय!" बाबा गरजला.

आता मात्र माझं डोकं फिरलं. बाबाच्या झोळीतलं मीठ ओढून मी चिमूटभर जाळात टाकलं. पिवळं! उरलेलं डब्याच्या तळाशी खसाखसा घासलं आणि भिरकावलं. हिरवागार!

"अगं बाई, बाबांनाच चेटूक लागलं! बाबा, तुमचं माहेर कुठं?"

"बैल जुंपलेलेच आहेत, आवडाबाई!" धाकू ओरडला.

बाबा गाडीला थांबला नाही. धोतर सावरत शीळच्या वाटेनं पळाला. झोळी इथंच.

घरी सगुणा हळूच म्हणाली, "सासूबाई, डबा घासू?"

"नको. माझा आहे, मी घासते." आणि गोदूबाईच्या दारी जाऊन मी मिठाला मडकं मागितलं. ती हसली, तेही सोसलं.

बायांनो, जाळ हिरवा दिसला तर सुनेकडं बघू नका. आधी भांड्याचा तळ बघा.