आले तसे आकडे

भूमच्या कॉलेजात सत्तावीस वर्षं फिजिक्स शिकवणाऱ्या गौरीशंकर सरांचा देवापेक्षाही एका गोष्टीवर जास्त विश्वास होता. सारखं कारण दिलं की सारखाच परिणाम येतो. लोलकाची दोरी तेवढीच ठेवा, झोका तेवढाच वेळ घेणार. दरवेळी वेगळे आकडे आणणारा विद्यार्थी एकतर आळशी, नाहीतर लबाड, असं ते वर्गात स्वच्छ सांगत.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजात गायगर काउंटर आला. किरणोत्सर्गी पदार्थाची बटणाएवढी चकती त्याच्यासमोर ठेवायची. तिच्यातला अणू फुटला की यंत्र टक् करतं. मिनिटाला किती टक् झाले ते मोजायचं, असं दहा वेळा. सरांनी पहिल्या दिवशी एक मिनिट मोजलं. पंचवीस आले. पुढचे नऊ आकडे त्यांनी खुर्चीत बसूनच भरले: पंचवीस, सव्वीस, पंचवीस, चोवीस. यंत्र तेच, चकती तीच, मग वेगळं येणार कुठून? तेव्हापासून पोरं त्याच पानावरून उतरवायची, सर सही ठोकायचे, आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

त्यात खोडा घातला निकितानं. खेड्यातून एसटीनं येणारी, वर्गात फारशी न बोलणारी मुलगी. तिच्या जर्नलात सत्तावीस, एकोणीस, एकतीस, बावीस, चौतीस असं काहीच्या बाही होतं. सरांनी भर वर्गात ते पान वर धरलं.

"हे काय, लॉटरीचे नंबर आहेत का?"

पोरं खिदळली. निकिता मान खाली घालून म्हणाली, "सर, आले तसे लिहिलेत."

सरांनी लाल पेनानं 'बनावट. पुन्हा करा' असं खरडलं आणि जर्नल तिच्या हातात दिलं. जर्नलवर सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही, आणि प्रॅक्टिकल बुडालं की वर्ष बुडालं. हे दोघांनाही ठाऊक होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी सर काउंटर तपासायला बसले. बाहेरचे परीक्षक यायचे होते, त्यांच्यापुढे नाचक्की नको. पहिल्या मिनिटाला तेहतीस आले. सरांनी भुवया उंचावल्या. दुसऱ्या मिनिटाला एकवीस.

"मामा, चकती हलवली का तुम्ही?" त्यांनी प्रयोगशाळेच्या शिपायाला, उत्तरेश्वरमामांना, विचारलं.

"म्या कशाला हात लावू, सर?"

सरांनी चकती चिकटपट्टीनं बसवली. प्लग बदलला. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. सव्वीस. अठरा. एकोणतीस. मामा फळ्यावर आकडे लिहीत गेले आणि सरांच्या पाठीवरून घाम उतरत गेला. चार वाजेपर्यंत साठ आकडे झाले. साठांची सरासरी काढली तर पंचविसाच्या आसपास आली, पण पुढचा आकडा कोणता, ते काही केल्या सांगता येईना.

"मशीन बिघडलं म्हणायचं का?" मामांनी विचारलं.

"नाही," सर सावकाश म्हणाले. "मशीन ठीक आहे. अणू कधी फुटणार ते कुणालाच सांगता येत नाही."

"पण कारण असंलच की. एसटी उशिरा आली तरी कारण असतंय. पंक्चर तरी, न्हायतर डायवरचा चहा. आपल्याला म्हाईत नसतंय, एवढंच."

"हा अमक्याच क्षणी का फुटला, याला कारणच नाही, मामा. ते आधी ठरलेलंच नसतं."

हेच वाक्य सरांनी वर्गात शेकडो वेळा लिहून दिलं होतं. सूक्ष्म जगात निश्चिती नसते, शक्यता असते. प्रश्न चार मार्कांना येतो. पण ते खरं असेल, इथं भूममध्ये, दिवसाढवळ्या, आपल्या टेबलावर, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. ते मटकन स्टुलावर बसले. दोन वर्षांत या प्रयोगाचं त्यांनी सही केलेलं पान न् पान खोटं होतं. दहाच्या दहा आकडे ओळीनं पंचवीस, पंचवीस, सव्वीस असे हे यंत्र कधी देणारच नव्हतं. अख्ख्या कॉलेजात खरं पान एकच होतं, आणि त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं बनावट असं लिहिलं होतं.

त्यांनी निकिताला फोन लावला. लागला नाही. पुन्हा पुन्हा लावला, तरी नाही.

सकाळी साडेनऊला ते फाटकाशी उभे होते. आयुष्यात त्यांनी विद्यार्थ्याची माफी मागितली नव्हती. शब्द जुळवून ठेवले होते. निकिता बसमधून उतरली ती पळतच आली आणि तिनं आधी जर्नल पुढं केलं.

"सही राहिलीय, सर."

सरांनी पान उघडलं. सुवाच्य अक्षरात पंचवीस, पंचवीस, सव्वीस, चोवीस, पंचवीस.

"आधीचं पान कुठंय?"

"फाडून टाकलं, सर. तुमी पुन्हा करा म्हणला व्हता. मैत्रिणीचं बघून केलं."

लोलकाचा प्रयोग असता तर पुन्हा झोका दिला असता, तेच आकडे परत मिळाले असते. हे आकडे एकदा पडून गेलेले. ते आता ब्रह्मदेवालाही तसे परत आणता यायचे नव्हते. आणि नवे मोजायचे तर वर प्रयोगशाळेत परीक्षक काउंटरपाशी येऊन बसले होते, घंटेला दहा मिनिटं उरली होती.

पानाच्या तळाशी छापलेलं होतं, 'सदर प्रयोग विद्यार्थिनीने स्वतः केला आहे.' सरांनी खिशातून पेन काढलं. फाटकाशी टेकायला काही नव्हतं, म्हणून निकितानं जर्नलला खालून तळहाताचा आधार दिला. सही झाली.

"आता बरोबर हायत ना, सर?" तिनं मनापासून विचारलं.

सरांनी तिच्याकडं न बघता मान हलवली. "हो," ते म्हणाले.