हाच चमचा घे

माझी कड बोथट आहे आणि अंगभर दातांच्या खुणा आहेत. पण मित्रांनो, तेवढ्यावरून मला कमी लेखू नका. मी एक जुना, लहानसा चमचा आहे, आणि चाळीस वर्षं मी एकाच माणसाला जेवू घातलं.

कारखान्यातून मी इतर भावंडांसारखाच गुळगुळीत निघालो. या घरात आलो तेव्हा दादा दोन वर्षांचा होता. जन्मताना त्याच्या मेंदूला इजा झालेली. हात, मान, जीभ, काहीच त्याचं ऐकत नसे. घास तोंडात गेला की दात कडकन मिटत आणि माझी धार हिरडीला लागे. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी बाबांनी कानस घेऊन मला घासघास घासलं. दुखलं फार, पण त्या दिवसापासून मी दादाचा झालो.

आई त्याला भरवायची. खुर्चीत ताठ बसवायची, हनुवटी किंचित खाली घ्यायची आणि कुस्करलेला बटाटा माझ्या टोकावर घ्यायची. एक घास दादा दोनदा गिळायचा. आधी थोडा, मग ओठ घट्ट मिटून दम खायचा, मग उरलेला. तोवर आई मला हातात धरून गप्पा मारायची.

"चालू दे तुझं सावकाश. मला कुठे गाडी पकडायचीय?"

दादा हसायचा आणि निम्मा घास तिच्या अंगावर यायचा. एका वाटीला तास लागे. बाबा गेले, आईचे केस पिकले, दादाची दाढीही पांढरी होऊ लागली. वाटी मात्र रोज रिकामी होत राहिली.

मग आईचं ऑपरेशन ठरलं. दादाची धाकटी बहीण रजा काढून आली. आईने तिच्यासाठी सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. ताठ बसव. हनुवटी खाली. घास मऊ. हाच चमचा घे. एकच गोष्ट लिहायची राहिली. थांबणं हे आईला कधी काम वाटलंच नव्हतं, मग ती ते लिहिणार कशी?

आई परत आली नाही.

धाकटीने तो कागद शब्दन् शब्द पाळला. तिला कुणी वाईट म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. पण पाच-सहा घासांनंतर दादा दमे आणि ओठ मिटून जरा जास्तच वेळ घेई. धाकटी मला त्याच्या ओठांना दोनदा टेकवी.

"भरलं पोट? बरं, राहू दे."

वाटी उचलली जाई. दादा ओरडे, त्याच्या डोळ्यांतून पाणी येई. "आईची आठवण येते ना रे दादा? मलाही येते," म्हणत ती त्याच्या गळ्यात पडे. आठवण येतच होती. पण त्याला भूकही लागलेली होती. मला तोंड नाही, आणि दादाला असून उपयोग नव्हता.

काही महिन्यांनी डॉक्टर घरी आले तेव्हा दादाचा दंड मुठीत मावत होता.

"अशा पेशंटचं अंग भरत नाही हो. जेवतो ना?"

"जेवतो, पण पाच-सहा घासांत पोट भरतं त्याचं."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि टॉनिक लिहून दिलं. मी सिंकमध्ये पडून नुसता चडफडलो.

एका दुपारी भरवताना ऑफिसचा फोन आला. मला हातात धरूनच धाकटी बोलत राहिली. वळून पाहते तर दादाचं तोंड उघडं! तिने घास दिला. ओठ मिटले. या वेळी ती थांबली. ओठ पुन्हा उघडले. वाटी संपली, दुसरी भरली, तीही संपली.

"दादा, तू उपाशी होतास? इतके महिने?" तिच्या हातातून मी खाली पडलो.

तीन दिवस तो पोटभर जेवला. मला वाटलं, जिंकलो आपण. पण त्याच्या अंगात काही उरलंच नव्हतं. चौथ्या दिवशी साधा ताप आला, आणि तेवढाही त्याला झेपला नाही.

मित्रांनो, आता मी ड्रॉवरमध्ये पडून असतो. मला कुणी घासूनपुसून ठेवावं अशी माझी इच्छा नाही. मागणं एवढंच, की ज्याला बोलता येत नाही त्याचं उत्तर तुम्ही घाईने देऊन टाकू नका.

कागद अजून फ्रिजवर आहे. आईच्या अक्षराखाली धाकटीने एक ओळ लिहिली आहे, "तोंड मिटलं तर थांब." त्या घरात आता भरवायला कुणी उरलेलं नाही.